हॅम्बुर्गची जुनी वखारपेठ आणि हाफेनसिटी: पूरबांधाच्या बाहेर वस्ती टिकते कशी?

रेतीबंदर

नमस्कार मंडळी. वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाची बारा मुलं नोव्हेंबरच्या मध्यावर दोन दिवस हॅम्बुर्गला असणार आहेत. त्यांचा वर्षाचा प्रकल्प मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, भाऊच्या धक्क्यापासून शिवडीपर्यंतच्या गोद्या आणि गोदामं. म्हणून हॅम्बुर्गच्या जुन्या वखारींचा भाग, म्हणजे श्पायशरश्टाट, आणि त्याला दक्षिणेकडून लागून बंदराच्या जागेवर उभी राहिलेली हाफेनसिटी असं दोन्ही त्यांना दाखवायचं आहे.

फोटो आणि कौतुकाचे लेख ढिगाने मिळतात. कामाचं मिळत नाही. विचारायचं आहे ते असं:

१. हे दोन्ही भाग शहराच्या पूरबांधाच्या बाहेर आहेत. मग तिथे माणसं राहतात कशी आणि पाणी चढतं तेव्हा नक्की काय होतं?
२. जुन्या वखारींत घरं का नाहीत? वखारीचं ऑफिस करताना भिंतींचं, तुळयांचं काय होतं?
३. जमीन विकली कशी?
४. दोन दिवसांत कुठून सुरुवात करावी?

जाणकारांनी हात आखडता घेऊ नये, लांबलचक उत्तरं चालतील.

उधाण

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

आधी उंचीचे आकडे पक्के करा. जर्मनीत उंची मोजतात ती साधारण सरासरी समुद्रसपाटीपासून. हॅम्बुर्ग समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत आहे, पण एल्बे नदीतून भरती तिथपर्यंत पोचते. भरती-ओहोटीतला फरक पावणेचार मीटरच्या आसपास, आणि रोजच्या भरतीचं पाणी २.१ मीटरच्या जवळ चढतं. त्याहून दीड मीटर वर गेलं की वादळी भरती, अडीच मीटर वर गेलं की मोठी, साडेतीन मीटर वर गेलं की अतिमोठी, अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत. १६-१७ फेब्रुवारी १९६२ च्या रात्री पाणी ५.७० मीटरला गेलं, बांध फुटले आणि शहरात ३१५ माणसं दगावली, त्यातली बहुतेक विल्हेल्म्सबुर्गची. ३ जानेवारी १९७६ ला ६.४५ मीटर, हा आजवरचा उच्चांक. ६ डिसेंबर २०१३ ला क्सावर वादळात ६.०९.

आता हे आकडे जागेवर लावून बघा. जुने धक्के ४ ते ५.५ मीटरवर आहेत. श्पायशरश्टाटचे रस्तेही साधारण याच पट्ट्यात येतात. हाफेनसिटीतले नवे रस्ते आणि इमारतींची जोती मात्र ८ ते ९ मीटरवर आहेत. सुरुवातीचे भूखंड आठाच्या आसपास, नंतरचे नऊच्या, कारण दरम्यान शहराने पुराचा अंदाज वाढवला. म्हणजे २०१३ ची पातळी धरली तर धक्क्यावरच्या फरसबंदीवर अर्ध्या मीटरपासून दोन मीटरपर्यंत पाणी, आणि वरचा रस्ता कोरडा, तोही दोनेक मीटर राखून. हाफेनसिटीची सगळी युक्ती या एका वाक्यात आहे: भिंत उंच केली नाही, जोतं उंच केलं.

ही काही नवी कल्पना नाही. उत्तर समुद्राच्या काठच्या दलदलीत शेतकरी शतकानुशतकं मातीचे उंचवटे रचून त्यावर घर आणि गोठा बांधत आले. तिकडे त्याला वार्फ्ट म्हणतात. हाफेनसिटीत मातीऐवजी काँक्रीटची पेटी आहे आणि त्या पेटीच्या पोटात गाड्या ठेवायची जागा आहे. मुलांना इमारतीचा छेद काढायला सांगा, सगळं दिसेल. पाण्याकडून सुरुवात केली तर आधी धक्क्याची जुनी भिंत, मग पाचेक मीटरवरची फिरायची जागा, मग जोत्याची उभी बाजू आणि तिच्यात कॅफे, दुकानं नाहीतर गॅरेजचं तोंड. त्याच्या डोक्यावर ८-९ मीटरवर रस्त्याची पातळी आणि इमारतीचं खरं प्रवेशद्वार. घरं त्याच्या वर. खालच्या पातळीवर झोपायची खोली कुठेच नाही.

दुसरी गोष्ट वाटेची. घर कोरडं राहून भागत नाही. अग्निशमन दलाची गाडी आणि रुग्णवाहिका भर पुरातही आत आली पाहिजे. श्पायशरश्टाटचे रस्ते बुडाले की हाफेनसिटीचं बेट होतं. म्हणून किबेलश्टेग पुलांची उंच वाट २००२ मध्येच तयार केली. ती वखारींच्या अंगावरून पुराच्या पातळीच्या वरून जाते. रोज तिच्यावरून माणसं आणि सायकली जातात, वादळात ती बचावाची वाट होते. पहिली माणसं राहायला येण्याआधी हा पूल झाला होता, हा क्रम वहीत लिहून घ्यायला सांगा.

चुना_वीट

दुसरा प्रश्न माझ्या विषयातला आहे.

आधी ही वखारपेठ आली कुठून ते. १८८८ मध्ये हॅम्बुर्ग जर्मन जकात संघात गेलं. व्यापाऱ्यांना जकात न भरता माल साठवता यावा म्हणून मुक्त बंदराची हद्द आखली आणि तिच्या आत वखारी बांधल्या. काम १८८३ मध्ये सुरू झालं, पहिल्या टप्प्याचं उद्घाटन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मच्या हस्ते २९ ऑक्टोबर १८८८ ला झालं आणि शेवटचे ब्लॉक १९२७ पर्यंत चालले. मुख्य अभियंता फ्रान्त्स आंद्रेआस मायर. त्या जागेवरची वीसेक हजार माणसांची वस्ती उठवून ही पेठ वसली. पूर्व किनाऱ्याचा अभ्यास करणाऱ्यांनी हा आकडा लाल विटांच्या फोटोखाली लिहून ठेवावा. दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ निम्मा भाग पडला. तो वेर्नर काल्मोर्गेन या वास्तुविशारदाने १९६७ पर्यंत उभा केला. जकातीची हद्द २००३ मध्ये इथून हलली आणि ५ जुलै २०१५ ला चिलेहाउस असलेल्या कचेरीपेठेसह हा भाग जागतिक वारसा यादीत गेला.

वखारीची रचना अशी: एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला रस्ता. छपराखाली, दर्शनी त्रिकोणी भिंतीच्या टोकाशी विंच. तिची साखळी दोन्ही बाजूंना खाली सुटते, माल होडीतून किंवा गाडीतून थेट हव्या त्या मजल्याच्या दारात जातो. जिन्यावरून ओझं वाहायचं नाही. प्रत्येक मजल्यावर एकाखाली एक रुंद दारं दिसतील ती त्यासाठी. कॉफी, चहा, कोको, मसाले, गालिचे हा इथला माल. जाड विटांमुळे आणि दोन्हीकडच्या पाण्या-सावलीमुळे आतलं तापमान वर्षभर फार हलत नाही, म्हणून हा माल इथे टिकायचा. माणसांच्या सोयीसाठी या इमारती नव्हत्याच.

घरं का नाहीत? मुख्य कारण पूर. रस्ता आणि दार बुडत असेल तर राहत्या माणसांना बाहेर काढायची हमी देता येत नाही. ऑफिस दुपारी रिकामं करता येतं, झोपलेली आजी नाही. त्यात वारसा इमारत म्हटल्यावर गॅलऱ्या, जादा खिडक्या, बाहेरचे जिने लावायला वाव नाही. म्हणून आत कचेऱ्या, संग्रहालयं, कॉफी भाजणारे, गालिच्यांचे व्यापारी. छोट्या रेल्वेचं जग, मिनिआटुर वुंडरलांड, २००१ पासून इथल्याच मजल्यांवर आहे. इमारती अजून बंदर चालवणाऱ्या एच.एच.एल.ए. कंपनीच्याच मालकीच्या असल्यामुळे एकेक मजला सुटा विकला गेला नाही. पेठेचं एकसंध रूप टिकलं त्याला हे मोठं कारण आहे.

आता वखारीचं ऑफिस करताना कुठे चुकतं ते. हे हॅम्बुर्गपुरतं नाही, विटांच्या कुठल्याही गोदामाला लागू आहे.

उजेड: इमारत खोल, खिडक्या फक्त दोन टोकांना. खिडकीपासून सहा-सात मीटरनंतर टेबल लावायच्या लायकीचा उजेड राहत नाही. म्हणून मधल्या पट्ट्यात बैठकीच्या खोल्या, पाणी, शौचालयं, जिने, आणि कामाची टेबलं दोन टोकांना. हे न पाळता मधोमध अंगणासारखा झरोका पाडला तर तुळया तुटतात आणि वारसा खातं परवानगी देत नाही.

ओल: इथे सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून जरा थांबून सांगतो. वखार कधी तापवली जात नव्हती. ऑफिस झालं की हिवाळ्यात आत वीस-बावीस अंश, बाहेर शून्य. बाहेरून थर्माकोलचं अस्तर लावता येत नाही, कारण वीट दिसायलाच हवी. मग आतून लावतात. आतून लावलं की वीट पूर्वीपेक्षा गार पडते, कारण खोलीची ऊब तिच्यापर्यंत पोचत नाही. खोलीतली दमट हवा फटीतून अस्तरामागे शिरते आणि त्या गार विटेवर पाणी धरते. लाकडी तुळईचं टोक त्याच विटेत रुतलेलं असतं. वरून सगळं गुळगुळीत दिसतं आणि आत दहा-पंधरा वर्षांत तुळईचं टोक कुजून भुसभुशीत होतं. प्लास्टिकचा पडदा लावून हे थांबत नाही, कारण प्रत्येक तुळईभोवती तो फाटतोच. खात्रीचा उपाय म्हणजे ओल शोषून परत खोलीत सोडणारं अस्तर. पाच ते आठ सेंटिमीटरचे कॅल्शियम सिलिकेटचे बोर्ड, मागे पोकळी न ठेवता पूर्ण अंगाने चिकटवलेले, वर चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग. जिप्सम किंवा प्लास्टिक रंग वर आला की सगळी मेहनत वाया. तुळईच्या टोकाशी अस्तर थोडं पातळ ठेवून तिथे ऊब पोचू द्यायची. आणि हे करण्याआधी बाहेरचे सांधे बघायचे. पावसाचं पाणी सांध्यातून आत येत असेल तर आतलं कुठलंच अस्तर उपयोगाचं नाही. सांधे पुन्हा भरताना सिमेंट नको. वीट मऊ आणि सांधा कडक झाला की थंडीत वीटच फुटते.

आग: उघडा लोखंडी खांब साधारण ५५० अंशाला निम्मी ताकद गमावतो आणि अचानक वाकतो. जाड ओक बाहेरून कोळसा होतो, पण गाभा बराच वेळ भार धरून राहतो. म्हणून पुढच्या काळातल्या ब्लॉकांत लाकडी किंवा आवरण घातलेले खांब दिसतात. मुलांनी खांबावर टिचकी मारून बघावी.

पाया: सगळी पेठ लाकडी पाइल्सवर, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या खांबांवर आहे. लाकूड कायम पाण्याखाली असेल तर शतकभर काही होत नाही, कारण तिथे कुजवणाऱ्या बुरशीला हवा मिळत नाही. त्रास होतो तो कधी ओल्या, कधी कोरड्या पडणाऱ्या पट्ट्यात, आणि भरतीच्या ओढीने पाइल्सच्या पायथ्याची माती वाहून जाते तिथे. कालव्याच्या भिंतींची दुरुस्ती त्यामुळे वर्षानुवर्षं चालते. कुठेतरी भिंतीसमोर पोलादी पत्र्यांची रांग ठोकलेली दिसेल, ती मुलांनी अवश्य बघावी.

रेतीबंदर

दोघांचेही आभार. उधाण, दोन गोष्टी अजून. सरळ भोवताली बांध का नाही घातला? आणि खालच्या पातळीवरच्या गॅरेजच्या, दुकानांच्या तोंडाला पुरात लावायचे ते पूरदरवाजे बंद कोण करतं? नगरपालिका की सोसायटी?

उधाण

बांध घातला असता तर तो पूर्ण गोल झाल्याशिवाय उपयोगाचा नव्हता. म्हणजे पहिल्या घराची वीट रचण्याआधी सगळ्या खर्चाचा बांध उभा हवा. हाफेनसिटीचं क्षेत्र पाण्यासकट १५७ हेक्टर, तेव्हा तो खर्च आणि ती वर्षं किती याचा अंदाज करा. जोत्याचा मार्ग घेतल्यामुळे एकेक भूखंड स्वतःपुरता सुरक्षित होतो आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे तुकड्या-तुकड्याने बांधत जाता येतं. पहिला विभाग, झांडटोरकाय-डालमानकाय, २००९ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा पूर्वेला अजून मोकळी जमीन होती. शिवाय बांधाच्या मागे बसलं की पाणी दिसत नाही, आणि पाण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

दरवाजे इमारतीच्या मालकांची जबाबदारी. शेजारच्या इमारती मिळून पूरसंरक्षणाचा गट करतात आणि त्यात नेमलेला जबाबदार माणूस असतो. जर्मनीचं सागरी खातं आधी सूचना देतं. वाऱ्यामुळे येणारं पाणी असल्यानं काही तास हातात असतात, ढगफुटीसारखं नसतं. क्रम साधारण असा: आधी गॅरेजमधल्या गाड्या आणि खालच्या मजल्यावरचं फर्निचर, मग धक्क्यावरच्या टेबल-खुर्च्या, मग दरवाजे, शेवटी पंप आणि परतपाण्याचे, म्हणजे गटारातून पाणी उलटं आत येऊ न देणारे, व्हॉल्व्ह तपासणं. दरवाजे काही ठिकाणी बिजागरीचे, काही ठिकाणी सरकते, काही ठिकाणी खाचेत एकावर एक बसवायच्या अॅल्युमिनियमच्या फळ्या.

चुकतं ते पाण्यामुळे कमी आणि विसरण्यामुळे जास्त. रबरी गॅस्केट उन्हाने कडक होऊन चिरते. उंबऱ्याच्या खाचेत खडी आणि सुकी पानं बसतात आणि दरवाजा दोन सेंटिमीटर वर राहतो. तेवढ्या फटीतून गॅरेज भरायला एक भरती पुरते. फळ्यांचा एक तुकडा तळघराच्या भलत्याच कोपऱ्यात ठेवलेला असतो. कुणीतरी दरवाज्याच्या वाटेत सायकल कुलूप लावून ठेवतं. नेमलेला माणूस सुट्टीवर आणि दुसऱ्याला चावीची जागा ठाऊक नाही. म्हणून वर्षातून एकदा, वादळांचा मोसम सुरू होण्याआधी, प्रत्येक दरवाजा खरोखर लावून बघायचा असतो. वाऱ्याचं पाणी शरद ऋतूपासून वसंतापर्यंत येतं, म्हणजे तुमची मुलं मोसमातच पोचतील. आणि सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे केबल आणि पाइप भिंतीतून जातात ती भोकं. दरवाजा शंभर टक्के बंद आणि इंटरनेटच्या नळीतून तळघरात कारंजं, असं कुठल्याही पूरक्षेत्रात होतं. बाहेरच्या भिंतीतली प्रत्येक नळी दोन्ही टोकांनी सील हवी.

सातबारा

तिसऱ्या प्रश्नावर. सगळ्यात कमी फोटो या भागाचे आणि सगळ्यात जास्त शिकण्यासारखंही इथेच.

जमीन शहराचीच होती, पण तिच्यावर बंदरातल्या कंपन्या बसल्या होत्या. १९९० च्या दशकात शहराने स्वतःच्या मालकीच्या कंपनीमार्फत, गाजावाजा न करता, त्यांच्या जागा आणि हक्क मोकळे करून घेतले. महापौर हेनिंग फोशराउ यांनी योजना जाहीर केली ती १९९७ मध्ये, जमीन हातात आल्यावर. आधी घोषणा केली असती तर प्रत्येक पत्र्याच्या शेडची किंमत रातोरात वाढली असती. आराखडा २००० मध्ये मंजूर झाला.

विक्रीची पद्धत: घरांच्या भूखंडाला बोली मागवताना संकल्पनेला ७० टक्के वजन, किमतीला ३०. निवडलेल्या विकासकाला जमीन लगेच विकत नाहीत, वर्ष-दीड वर्षासाठी नुसती राखून ठेवतात. त्या काळात त्याने वास्तुरचनेची स्पर्धा घ्यायची, माती तपासायची, बांधकाम परवानगीपर्यंत पोचायचं. मगच पैसे आणि ताबा. रेंगाळला तर भूखंड परत. जमीन घेऊन भाव वाढेपर्यंत कुलूप लावून ठेवायची सोयच राहत नाही. विक्रीचा पैसा वेगळ्या निधीत जातो आणि त्यातून रस्ते, पूल, धक्के, बागा होतात. २०१० च्या सुमारापासून नव्या घरांतला साधारण तिसरा हिस्सा अनुदानित ठेवायचा दंडक आला. सुरुवातीच्या पश्चिम भागात तो नव्हता आणि तिथे फिरताना ते जाणवतं. खालच्या मजल्याची उंची पाच मीटर ठेवायची अटही महत्त्वाची. आज तिथे दुकान चाललं नाही तरी उद्या शाळा, कारखानदार, दवाखाना कुणीही बसू शकतो. अडीच मीटरच्या तळमजल्यात फक्त गोदाम होतं.

फसलेलंही दाखवा. एल्बफिलहार्मोनी सभागृह जुन्या कायश्पायशर आ या वखारीच्या डोक्यावर आहे. ही काल्मोर्गेनचीच, १९६०च्या दशकातली, कोको, चहा, तंबाखूसाठीची. वखारीचं आतलं पोट पूर्ण रिकामं करून फक्त विटांचं कवच ठेवलं आणि आधीच्या १,१११ पाइल्समध्ये साडेसहाशेची भर घालावी लागली. शहराचा वाटा आधी ७.७ कोटी युरो सांगितला होता, शेवटी ७८.९ कोटी झाला, आणि २०१० ऐवजी ११ जानेवारी २०१७ ला उद्घाटन. रेखाटनं पुरती होण्याआधी कंत्राट सह्या करून मोकळं झालं की असंच होतं. वास्तू सुंदर आहे, हे त्यापुढे कुणी नाकारत नाही. पूर्व टोकाचा एल्बटॉवर २४५ मीटर व्हायचा होता. विकासक दिवाळखोरीत गेला आणि २०२३ मध्ये शंभरेक मीटरवर काम थांबलं. मोठा भूखंड एकाच्या हाती दिला की धोका एकवटतो.

ओहोटीची_वेळ

भेटीचं सांगतो. नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य सव्वाचारला मावळतो, तेव्हा मोजमापाचं सगळं काम दुपारी साडेतीनच्या आत.

जाण्याआधी त्या दोन दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा काढा. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. श्पायशरश्टाटच्या कालव्यांत होड्या भरतीच्या आगेमागेच शिरतात. ओहोटीला तळाचा चिखल उघडा पडतो आणि फार भरती असेल तर होडी पुलाखालून जात नाही. तिकीट काढताना कालव्यातून नेणार का ते विचारा, नाहीतर मोठ्या बंदरातून फिरवून आणतात.

पहिला दिवस: यू३ या मेट्रोने बाउमवाल स्थानक, तिथून पूल ओलांडून झांडटोरकाय. एका हाताला लाल वखारी खाली, दुसऱ्या हाताला नव्या इमारती वर. उधाणने सांगितलेला तीन-चार मीटरचा फरक इथे एका नजरेत दिसतो. मग मागेलान टेरासन. हा चौक रस्त्याच्या पातळीवरून पायऱ्या-पायऱ्यांनी पाण्याकडे उतरतो. खाली जुन्या जहाजांसाठी तरंगता धक्का आहे. त्याचा उतार ओहोटीला तिरपा, भरतीला जवळजवळ सपाट होतो. त्याच जागी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा उभं राहून दोन्ही फोटो काढा, भरतीचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. वाटेत वास्को-दा-गामा चौक लागतो. गोव्यातल्या वास्कोची आठवण होणारच, आणि बंदराच्या चौकांना कुणाची नावं द्यायची यावर तिथेही वाद झालेले आहेत. मग एल्बफिलहार्मोनीचा ३७ मीटरवरचा प्लाझा, जिथून बंदराचा आडवा विस्तार कळतो. संध्याकाळी पोगेनम्यूलन पूल, दिवे लागले की.

दुसरा दिवस: कायश्पायशर बे, १८७९ ची, या भागातली सर्वांत जुनी वखार, २००८ पासून सागरी संग्रहालय. मग लोझपार्क. तिथे हानोवर स्थानकाचं स्मारक आहे. नाझी काळात याच फलाटांवरून आठ हजारांहून अधिक ज्यू, सिंती आणि रोमा माणसांना गाडीत घालून नेलं. तिथे घाई करू नका. नंतर पूर्वेचा बाकेनहाफेन, आणि यू४ ने एल्बब्रुकन स्थानकावरून परत. मधलं नवं मॉल असलेलं य्यूबरझे क्वार्टिअर एप्रिल २०२५ मध्ये उघडलं. पाऊस आला तर आसऱ्याला ठीक, अभ्यासाला अर्धा तास पुरे.

वारा पाण्यावरून थेट येतो, छत्री टिकत नाही. टोपीचं जॅकेट घ्या.

भाऊचा_धक्का

मुलं परत येऊन मुंबईला हे आकडे लावतील, त्याआधी एक सावधगिरी. मुंबईत ४.९ मीटरची भरती म्हणतो ती नकाशाच्या शून्यापासून, म्हणजे साधारण सर्वांत खालच्या ओहोटीपासून. सरासरी समुद्रसपाटी त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. तेव्हा ४.९ ची भरती म्हणजे हॅम्बुर्गच्या भाषेत सुमारे २.४ मीटर. ही वजाबाकी न करता हॅम्बुर्गचं आठ मीटरचं जोतं माझगावला काढलं तर सगळं रेखाटन चुकेल.

दुसरं, मुंबईचं दुखणं वेगळं आहे. हॅम्बुर्गला पाणी समुद्राकडून येतं, वाऱ्याने, सूचना देऊन. मुंबईत पाणी वरून पडतं आणि भरती असल्यामुळे बाहेर जाऊ शकत नाही. नाल्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली जातात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा हेच झालं. म्हणून पूर्व किनाऱ्यावर रे रोडला ब्रिटानिया पंपिंग स्टेशन लागलं. नुसती जोती उंच केली तर नव्या इमारती कोरड्या राहतील आणि त्यांचं पाणी शेजारच्या कोळीवाड्यात आणि झोपडपट्टीत उतरेल. हॅम्बुर्गला जोत्याशेजारी नदी होती, इथे माणसं आहेत. प्रत्येक उंच जोत्यामागे पाणी साठवायची तेवढीच जागा आणि नाल्याला जोडलेला पंप दाखवल्याशिवाय मुलांचं रेखाटन मंजूर करू नका.

तिसरं, पाण्याच्या गोद्या. हॅम्बुर्गने जुन्या गोद्यांची पात्रं उघडी ठेवली, म्हणून तिथे धक्का म्हणजे खरोखर पाण्याचा काठ. आपल्याकडे प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या कंटेनर ठेवायला भरून टाकल्या. इंदिरा गोदी, म्हणजे १९१४ ची अलेक्झांड्रा, शाबूत आहे, आणि तिच्या खोदाईच्या मातीवरच बॅलार्ड इस्टेट उभी आहे. जोतं उंच करून पेठ वसवायचं काम मुंबईने शंभर वर्षांपूर्वी केलेलं आहे. सुमारे ९६६ हेक्टरचा आराखडा बंदराच्या जमिनीसाठी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पण तिथे भाडेपट्टे, पोटभाडेकरू, शिवडीची रोहित पक्ष्यांची दलदल, दारूखान्याचे जहाजतोडणीचे कामगार हे सगळं आहे. सातबारा यांनी सांगितलेला क्रम, आधी जमीन मोकळी आणि मग घोषणा, इथे उलटा झाला.

रेतीबंदर

ही वजाबाकी आमच्या एकाही तक्त्यात नव्हती, आजच दुरुस्त करतो. शेवटचं विचारतो: मोजायला काय न्यावं? सामान कमी ठेवायचं आहे.

चुना_वीट

लेझर मोजपट्टी एक, पाच मीटरची साधी पट्टी दोन, खडू नको (वारसा भिंत आहे), मऊ पेन्सिल आणि जाड कागदाची वही. उंची मोजायला उपकरण लागत नाही. विटांचे थर मोजा. एका जागी दहा थरांची उंची सांध्यांसकट पट्टीने घ्या, दहाने भागा, मग धक्क्यापासून उंबऱ्यापर्यंतचे थर मोजून गुणा. जमिनीच्या ठळक पातळ्या पूरदरवाज्यांवरच्या आणि भिंतींवरच्या पूरखुणांवरून पडताळता येतात. १९६२ आणि १९७६ ची पातळी दाखवणाऱ्या खुणा दिसतील तिथे एका मुलाला शेजारी उभं करून फोटो घ्या. डोक्याच्या किती वर पाणी होतं ते त्या फोटोत येईल.